पाथर्डी फाटा

'नाही' हा शब्द मी बसवला होता.
बारा वर्षांपूर्वी, सातपूरच्या रात्रशाळेत,
एका कारखान्यानं भंगारात काढलेल्या संगणकावर,
ज्याचं 'न' हे बटण अडकून बसायचं.
मूळ इंग्रजीत दोनच अक्षरं.
माझ्यासमोर तीन शब्द: नको, रद्द, नाही.
नजमा तांबोळी म्हणाली, नको म्हणजे आर्जव झालं,
रद्द म्हणजे तलाठी कचेरी.
नाही लिही. सरळ.

तेव्हा ही प्रणाली कुणाचीच नव्हती.
खिडक्यांच्या कडा ब्राझीलच्या कुणा दंतवैद्यानं घासल्या होत्या,
छपाईचा भाग कोरियातल्या एका विधवेनं,
मराठी आम्ही चौघांनी.
नाव ओसरी. तेही आमचंच.
कुणीही यावं, चपला काढून टेकावं, म्हणून.
ओसरी दिली की पाहुणा पुढे काय पसरतो
ती म्हण इथं शाळकरी पोरंही जाणतात.
तिचं इंग्रजी मात्र आम्ही कुणाला पाठवलं नाही.

कंपनी आली ती हसतमुखानं आली.
खोटं कशाला बोलू,
आम्हाला दिसतही नव्हती ती भोकं तिनं बुजवली.
नजमाला पगार सुरू केला,
वडाळ्यात तिच्या घरावर स्लॅब पडला त्यातून.
मला कुरिअरनं एक मग आला,
त्यावर मराठीत 'समुदाय',
उकार एकीकडे, म दुसरीकडे.
त्यात मी पेनं ठेवतो.

पुढे मंडळ विसर्जित झालं.
पुढे मूळ संहितेच्या दाराशी पावती मागू लागले.
आम्ही एकमेकांना फोन केले,
आणि दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या कामाला लागलो.

गेल्या मंगळवारी नवी आवृत्ती चढवली.
चौकट उघडली: तुमची माहिती आम्हाला पाठवू का?
खाली दोन बटणं.
हो.
नंतर विचारा.
सोपान गांगुर्डे, वेल्डिंगची पाळी करून आलेला,
डोळे अजून लाल,
माऊस चौकटीच्या चारही कोपऱ्यांत फिरवून म्हणाला,
सर, नाही कुठंय?

बच्छाव सर सटाण्याचे. ते म्हणाले,
आमच्याकडे फडाचं पाणी होतं.
बंधारा गावाचा, पाट गावाचा,
पाटकऱ्याला धान्य सगळ्यांनी घालायचं,
आणि तो चुकला तर शिव्याही सगळ्यांनीच.
मग वर धरण झालं.
पाणी वाढलं हो, वाढलंच.
पण कधी सोडायचं, ते केबिनमध्ये ठरू लागलं.

रविवारी जमलो, पाथर्डी फाट्यावर, टपरीपाशी.
मागून ट्रक, पुढून ट्रक, प्रत्येक वाक्य दोनदा.
शेवटच्या खुल्या आवृत्तीपासून
आपली वेगळी वाट काढायची, एवढं ठरलं.
त्याला इंग्रजीत जे म्हणतात
त्याचं मराठी आम्ही आठ वर्षं टाळलं होतं.
शाखा नको होती कुणाला. फांदी फारच गोड.
नजमानं मान वर करून बसथांब्याची पाटी वाचली
आणि चहा तिच्या नाकात गेला.

नंतर ती म्हणाली, माझं नाव कुठं लिहू नका.
कोणी काही बोललं नाही.
सर्व्हरचे महिन्याला अकराशे चाळीस.
बशीत नऊशे जमले.
उरलेले कुणाचे, यावर अर्धा तास गेला,
आणि सुरक्षेची भोकं कोण बुजवणार
हा प्रश्न तर बशीत कुणी टाकलाच नाही.

रात्री त्याच जुन्या यंत्रावर बसलो.
पहिला बदल म्हणून एकच शब्द परत ठेवायचा होता.
बटण अडकलं.
पडद्यावर उमटलं: नननाही.
बोट पुसायच्या बटणावर होतं.
बराच वेळ तिथंच होतं.